दाजींनी आणलेला प्लॉट

पत्र जरा आटोपशीर करून देते:

"नमस्कार ताई. आमचं गाव विट्याजवळ. वडलांपासून कोईमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, दुकान आहे. मुलगी आता सांगलीला कॉलेजात आहे, आईवडील थकलेत, म्हणून सांगलीजवळ घर बांधायचं मनात आहे. माझ्या दाजींनी माधवनगरच्या पुढं एक प्लॉट बघून ठेवलाय. तीन गुंठे, गुंठ्याला सहा लाख. मालक त्यांच्या ओळखीचा. सातबारा मालकाच्याच नावावर आहे, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आलाय, सोबत पाठवतो. दोन लाख टोकन रोख द्यायचं, नोटरी करून ठेवायची आणि दिवाळीत आम्ही चौघा खरेदीदारांनी मिळून बारा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं असं ठरतंय. मला यायला जमलं नाही तर दाजी माझ्या वतीनं सही करतील. वकिलाला कागद दाखवू का म्हटलं तर दाजी म्हणाले, 'म्हणजे माझ्यावर भरोसा नाही का?' आई म्हणते, पाव्हण्यांना दुखवू नको. काय करू?"

आधी पैशाचं बोलू. टोकन देऊ नका. पाच हजारसुद्धा नको. एकदा टोकन गेलं की माणूस कागद तपासत नाही, दिलेले पैसे कसे वाचतील ते बघत बसतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं-देणं आयकर कायद्याला चालत नाही. 'रोखच पाहिजे' म्हणणाऱ्या मालकाला उद्या कोर्टात 'मला एवढेच मिळाले' म्हणायलाही काही अडचण पडत नाही. आणि ती नोटरी. नोटरी फक्त सही कुणी केली ते सांगते, जमीन कुणाची ते सांगत नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलेलं आहे. नुसत्या साठेखतानं, म्हणजे पुढं विकण्याच्या करारानं, जमिनीत तुमचा हक्क तयार होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

आता तुमच्या फोटोकडे येते. तुमच्या पत्रातलं 'सातबारा मालकाच्याच नावावर आहे' हे वाक्य मला दर आठवड्याला कुणी ना कुणी ऐकवतं. सातबारा हा महसूल खात्याचा कागद आहे. शेतसारा कुणाकडून घ्यायचा, पीक काय आहे, ताबा कुणाचा दिसतो, यासाठी तो ठेवलेला असतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बघून थांबू नका. ते नाव तिथं कुठल्या वाटेनं आलं, ते शोधा.

ती वाट त्या फोटोतच लिहिलेली आहे. मालकाच्या नावाशेजारी एक आकडा दिसतोय ना, तो फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. तिची नक्कल काढा. त्यात लिहिलेलं असेल की अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, वारस म्हणून मुलाचं नाव लावलं. मग त्या मयत खातेदाराचं नाव कोणत्या फेरफारानं लागलं होतं, तो काढा. मग त्याच्या मागचा. कंस केलेली किंवा आडवी रेघ मारलेली नावं 'ती कमी झालीत' म्हणून सोडून देऊ नका, ती कशी कमी झाली हेच तर बघायचंय.

तुमच्या फोटोत मालकाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं आहेत. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे हा गडी कुटुंबाच्या वतीनं उताऱ्यावर बसलाय, जमीन त्याच्या एकट्याची नाही. मागं भाऊ असतील, बहिणी असतील, चुलत्यांचा हिस्सा असेल. आपल्याकडे बाप गेला की तलाठ्याकडे वर्दी द्यायला मुलगा जायचा, आणि मुलींची नावं एकतर लागायचीच नाहीत किंवा 'इतर हक्क' या रकान्यात एका ओळीत जायची. तो रकाना फोटोत अर्धा कापला गेलाय. तारखेचा कोपराही कापलाय. हे मुद्दाम झालं असं मी म्हणत नाही, फोन तिरका धरला असेल, पण जो भाग बघायला हवा तोच नेमका नाही.

बहिणींचं सविस्तर सांगते, कारण सांगली-साताऱ्यात खरेदीनंतरचे दावे मी बघते त्यात बहिणींचे फार. महाराष्ट्रानं 1994 मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क दिला, मग 2005 साली केंद्रानं देशभर दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, 2005 ला बाप हयात असला-नसला तरी. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या तेवढ्या त्यातून सुटतात. 'बहिणींनी कधीच सोडून दिलंय' हे तोंडी वाक्य कुठल्याही कोर्टात उपयोगाचं नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. ते नसेल तर प्रत्येक बहिणीनं खरेदीखतावर 'मान्यता देणार' म्हणून सही करायला हवी. मालकाकडून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि ते जुन्या वारस फेरफाराशी ताडून बघा. फेरफारात तीन मुली आणि प्रतिज्ञापत्रात एकच असं निघालं, तर पुढचा व्यवहारच करू नका.

इतर हक्कातच सोसायटीचा आणि बँकेचा बोजा असतो. तो तुलनेनं सोपा प्रकार, बाकी भरली की दाखला मिळतो आणि बोजा कमी करून घेता येतो. अवघड शेरे दुसरेच. उताऱ्याच्या वरच्या बाजूला भूधारणा पद्धत लिहिलेली असते. 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर जमीन सरकारनं दिलेली, इनामाची, वतनाची किंवा कुळकायद्यानं मिळालेली असण्याची शक्यता, आणि अशी जमीन सहसा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तुमच्या फोटोत 'वर्ग 1' दिसतंय, बरं आहे, पण पूर्वी कुळ होतं का ते फेरफारातून बघाच. आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट असते जी पुण्या-मुंबईचा वकील चटकन विचारत नाही: धरणग्रस्तांची जमीन. कोयना, वारणा, धोम, कण्हेर, उरमोडी अशा प्रकल्पांच्या विस्थापितांना जमिनी दिलेल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी लाभक्षेत्रातल्या खातेदारांच्या जमिनींवर पुनर्वसन कायद्याचे हस्तांतरण बंदीचे शेरे आहेत. काही उठले, काही तसेच आहेत. असा शेरा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता बारा गुंठ्यांचं एकत्र खरेदीखत. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा भाग, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलाय.

तुकडेबंदी कायदा 1947 चा. त्यात प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा शेतजमिनीतून काढून विकता येत नाही. 2023 मध्ये सरकारनं राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे केलं. तीन गुंठे विकता येत नाहीत, म्हणून मालकानं चार गिऱ्हाइकं गोळा केली आणि बारा गुंठे एकदम विकायचं ठरवलं. आधी हेच बघा की हा गट उताऱ्यावर जिरायत आहे की बागायत. जिरायत असेल तर बारा गुंठेही बसत नाहीत.

समजा बसले. तुम्हाला काय मिळालं? बारा गुंठ्यांत चौथा हिस्सा, सामाईक. मालकानं वहीच्या कागदावर पट्टीनं आखून दिलेला 'प्लॉट नंबर 3' कायद्याच्या नजरेत कुठंच नाही. उद्या चौघांपैकी एकानं कर्ज काढलं, दुसरा वारला आणि त्याचे पाच वारस आले, तिसऱ्याला कोपऱ्यावरचाच तुकडा पाहिजे झाला, की तुमचं घर कुठल्या तीन गुंठ्यांवर आहे ते दिवाणी कोर्ट ठरवणार. बांधकाम परवानगीला चौघांच्या सह्या. बँक अशा हिश्श्यावर घरकर्ज द्यायला सहसा तयार होत नाही. आणि वाटप करायला गेलात की पुन्हा तीन-तीन गुंठे, पुन्हा तोच तुकडेबंदी कायदा आडवा.

त्यात रस्ता. त्या आखलेल्या कागदावर वीस फुटी रस्ता दाखवलाय. तो कुणाच्या नावावर राहणार? मालकाच्याच उरलेल्या क्षेत्रात असेल आणि खरेदीखतात त्याचा उल्लेख नसेल, तर दोन वर्षांनी मालक किंवा त्याचा मुलगा तिथं तारेचं कुंपण घालतो. हे नवीन नाही, सांगलीच्या चारी बाजूंना झालेलं आहे.

मालक किंवा दाजी म्हणतील, 'आता तुकडेबंदी उठली, पेपरात आलंय.' 2025 मध्ये सरकारनं सवलत आणली हे खरं, पण तिचा भर रहिवासी वगैरे विभागांत आधीच होऊन बसलेले जुने व्यवहार नियमित करण्यावर आहे. शेतीच्या गटात आज नव्यानं पट्टी मारून प्लॉट पाडायचा तो परवाना नव्हे. हीच गोष्ट गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटांची. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. 2001 चा गुंठेवारी कायदा, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी आणि भूखंडांसाठी वाढवली. 'गुंठेवारीत नियमित होऊन जाईल' असं सांगणाऱ्याला विचारा, प्लॉट कधी पाडला? आणि जुना असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर हा सामाईक व्यवहार सोडा. त्याच अठरा लाखांत दोन गुंठे मिळाले तरी चालतील, पण मंजूर रेखांकनातला, बिगरशेती आदेश असलेला प्लॉट घ्या. मंजूर नकाशावर सहीशिक्का नगररचना खात्याचा किंवा नियोजन प्राधिकरणाचा हवा, इंजिनिअरचा नाही. प्लॉटिंगचं क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल तर सहसा महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि ती कोईमतूरला बसून संकेतस्थळावर बघता येते.

तिथं बसून आणखीही बरंच करता येतं. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. आजच काढा आणि त्या फोटोशेजारी ठेवा. आठ-अ, म्हणजे मालकाच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढा. 'आपली चावडी'वर गावाचं नाव टाकून त्या गटावर कुठला फेरफार प्रलंबित आहे का ते बघा. म्हणजे हीच जमीन मागच्या पंधरवड्यात दुसऱ्या कुणाला लिहून दिली असेल तर तिथं नोटीस दिसेल. मालकाच्या नावानं ई-कोर्टावर दिवाणी दावा आहे का ते शोधा. वडलांच्या नावानंही शोधा, दावे बहुधा म्हाताऱ्यांच्या नावानं सुरू झालेले असतात.

पण शोध अहवालाला माणूस लागतो. मिरजेत किंवा सांगलीत दिवाणी काम करणारा, जमिनीच्या प्रकरणात मुरलेला वकील तुम्ही स्वतः निवडा. मालकाचा नको, एजंटाचा नको, दाजींच्या मित्राचा तर नकोच. दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध मागा. तीसच का, याचं एक कारण असं की गहाण टाकलेली जमीन सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षं आहे. आपल्याकडे 'मुदत खरेदी'चे कागद पुष्कळ: वरून खरेदीखत, आतून गहाण. जुन्या सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, हा शब्द दिसला तर वकिलाला तिथंच थांबवा आणि ती जमीन पुढं परत फिरली का ते विचारा.

वकिलाला आणखी एक विचाराच: शोध फक्त गट नंबरावर घेतला का? गावोगावी एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्याआधीचा दस्त जुन्या सर्व्हे नंबरावर असतो. नुसता गट नंबर टाकून 'निरंक' अहवाल देणारे महाभाग आहेत. जुना सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा नंबर अहवालात लिहिलेला नसेल तर अहवाल परत करा. फार मागं गेल्यावर एखादा कागद मोडी लिपीतला निघाला तर घाबरू नका, वाचणारे सांगली-मिरजेत मिळतात.

शोध आला की स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. गटाच्या गावात जास्त खपतो त्या पेपरात द्या, कोपऱ्यातल्या स्वस्त पेपरात नको. हरकत आली तर आनंद माना, पैसे जायच्या आधी आली.

मोजणीचं थोडक्यात. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जाग्यावरची जमीन यांत फरक निघतो. भूमी अभिलेखच्या मोजणीची 'क' प्रत मागा, हद्दी खुणांसह, आणि तो कागद हातात धरून एकदा बांधावरून चाला. शेजारच्या रानात जो माणूस असेल त्याच्याशी दहा मिनिटं बोला. वकिलाच्या अहवालात नसलेलं तो सांगतो. प्लॉट कृष्णाकाठचा दाखवला तर पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय बयाण्याचा विषयही काढू नका. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि 2005, 2019, 2021 नंतर हे सांगलीकरांना मी काय वेगळं सांगायचं.

तुमच्या बाजूचाही एक कागद लागेल. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. खानापूर तालुक्यातल्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का, की अजून सगळं वडलांच्याच नावावर आहे, ते आत्ताच बघून ठेवा. बिगरशेती प्लॉट घेतलात तर हा प्रश्न येत नाही.

राहिले दाजी. मला ते लबाड वाटत नाहीत. बहुतेक त्यांनीही मालकाच्या शब्दावर भरोसा ठेवलाय, आणि आता तुम्ही कागद मागितलेत की मालकासमोर त्यांची मान खाली जाणार अशी त्यांना भीती आहे. म्हणून त्यांना बाजूला काढायचं नाही आणि दोषही द्यायचा नाही. कर्जाचं कारण सांगा. खोटं नाही, खरंच बँकेत जा, चार-पाच लाखांचा अर्ज करा. मग म्हणा, "दाजी, बँक तीस वर्षांचा सर्च मागतेय, मंजूर नकाशा मागतेय, मालकाला एवढे कागद काढायला सांगा की. तुमच्याशिवाय मला कोण आहे तिथं?" बँकेचा वकील 'नाही' म्हणाला तर नकार बँकेचा झाला, तुमचा नाही. आईला मात्र खरं सांगा. तुम्ही गलाईवाले. ओळखीच्या गिऱ्हाइकानं आणलेलं सोनं कसाला लावता तेव्हा ते रुसतं का, एवढं विचारा, ती समजेल.

कुलमुखत्यारपत्र मात्र दाजींना देऊ नका, ते कितीही चांगले असले तरी. चूक झाली तर तुमचं नुकसान होईलच, वर बहिणीच्या संसारात ते भांडण कायमचं जाऊन बसेल. दस्ताच्या दिवशी स्वतः या. त्याआधी वकिलाकडून मसुदा मागवून घ्या आणि गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, रस्त्याचा हक्क, मान्यता देणारांची नावं एकेक करून ताज्या उताऱ्याशी जुळवा. पैसे बँकेतून, आणि प्रत्येक धनादेशाचा नंबर दस्तात.

दस्त झाला म्हणजे संपलं असं समजून लगेच कोईमतूरची गाडी पकडू नका. तलाठी फेरफार धरतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर सुनावणी लागते आणि तुम्हाला हजर राहावं लागेल, म्हणून दस्त दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्या कामाच्या दिवशी ठेवा. नोंद मंजूर झाली की नवा उतारा काढून नाव, क्षेत्र आणि फेरफार क्रमांक बघा. नावात काना-मात्रेची चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्या.